पाणी फिरू दे, मासा नको!

फिल्टर एकदम दमदार, पाणी आरशासारखं.. तरी मासा कोपऱ्यात का बसलाय? फिशटँकमधल्या ‘ओढी’चा फंडा आणि तिच्यावरचे स्वस्त, घरगुती उपाय.

नवा फ्लॅट झाला, सोफा आला, टीव्ही भिंतीवर चढला, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरात फिशटँक येतो. कुत्रा पाळायला सोसायटीची कटकट, मांजर पाळायला घरमालकाची. मासा बिचारा भुंकत नाही, सोफा फाडत नाही, वीकेंडला लोणावळ्याला जायचं तर शेजाऱ्यांकडे ठेवावा लागत नाही. दिवसाचे अकरा-बारा तास घराबाहेर असणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी एकदम परफेक्ट मेंबर!

मी गेली बरीच वर्षं मासे पाळतेय. त्यामुळे ओळखीत कुणाकडे टँक आला, की पहिला फोन मला येतो. आणि गंमत म्हणजे दहातल्या सहा-सात फोनवर तक्रार सारखीच असते. ‘‘अगं, दुकानात मस्त फिरत होता. घरी आणल्यापासून नुसता हीटरच्या मागे बसून असतो. आजारी आहे का गं?’’

माझा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘फिल्टर कुठला लावलायस?’’

त्यावर समोरून अभिमानाने उत्तर येतं, ‘‘दुकानदाराकडचा सगळ्यात पॉवरफुल!’’

बॉस, तिथेच तर घोळ आहे.

खोली नाही, ओढ विचारा

गावाकडे नदीवर पोहायला निघालेल्या मुलाला घरची मोठी माणसं पाणी किती खोल आहे हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘‘पाण्याला ओढ आहे का रे?’’ कारण खोल पाण्यात पोहता येतं, ओढीच्या पाण्यात दमछाक होते. नदीतल्या माशाला निदान दगडाआड, काठाच्या गवतात शिरायची सोय असते. दीड फुटाच्या काचेच्या पेटीत ओढ असेल तर मासा जाणार कुठे?

थोडा हिशेब करू. दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टँक म्हणजे साधारण ४५ बाय ३० बाय ३० सेंटीमीटर. काठोकाठ भरला तर ४० लिटर. खालची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी ३२ लिटरच्या आसपास. आता फिल्टरचा खोका बघा. त्यावर ‘ताशी ६०० लिटर’ असं लिहिलेलं असेल, तर तो पंप टँकमधलं सगळं पाणी तासाला जवळजवळ १९ वेळा फिरवणार. म्हणजे दर तीन मिनिटांनी एकदा! हौशी मंडळींचा ढोबळ नियम तासाला चार-पाच वेळा इतकाच आहे. या टँकला १३० ते १६० लिटरचा फिल्टर भरपूर झाला. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो आणि आत स्पंज भरला, त्यात घाण साचली की तो उतरतो, हे खरं. पण १९चे पाच होण्याइतका नाही उतरत.

जोर म्हणजे स्वच्छता नव्हे

‘‘पण जास्त फिरलं तर पाणी जास्त स्वच्छ नाही का होणार?’’ हा पुढचा प्रश्न. लॉजिक बरोबर वाटतं, पण फिल्टर म्हणजे काही पाण्याचा व्हॅक्युम क्लीनर नाही.

माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. त्याच पाण्यात मासा श्वास घेतो, त्यामुळे हा अमोनिया साचला तर मासा मरतो. इतकं सरळ गणित आहे. फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, वाळूवर हळूहळू जीवाणूंची वस्ती होते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकतो. नव्या टँकमध्ये ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे काम करतात ते जीवाणू. पंप फक्त त्यांच्या दारापर्यंत पाणी आणि ऑक्सिजन पोचवणारा डिलिव्हरी बॉय. त्याने स्पीड दुप्पट केला म्हणून स्वयंपाक दुप्पट होत नाही.

त्यामुळे मला इथे एकच गोष्ट सांगायची आहे : फिल्टर बंद करायचा नाही, फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मोडायची. या दोन गोष्टींतला फरक कळला, की कोपऱ्यात बसलेले बरेच मासे वाचतात.

भाताच्या शेतातला पैलवान

ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त फोन येतात, तो म्हणजे फायटर. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. चार्ल्स टेट रेगन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१० साली त्याचं हे नामकरण केलं. मूळ गाव थायलंड. तिथल्या सरकारने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. एवढा मोठा माणूस, पण राहतो कुठे? भाताच्या खाचरांत, दलदलीत, गवताने भरलेल्या संथ पाटांत. कोकणात श्रावणात भाताच्या खाचरात पाणी कसं उभं असतं ते आठवा. घोट्याएवढं, कोमट आणि निवांत. तसंच.

असल्या साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी. म्हणून फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक खास चक्रव्यूहासारखा अवयव असतो. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्यातला ऑक्सिजन वापरतो. नर तर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडी त्यात सांभाळतो. थोडक्यात, याचा श्वासही पृष्ठभागावर आणि संसारही पृष्ठभागावर. आणि आपण नेमका तिथेच धबधबा सोडतो.

त्यात भर म्हणजे ती शेपूट. रानातल्या फायटरचे पर आखूड असतात. लांब, झालरीसारखे पर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केले. ‘हाफमून’ जातीची शेपूट तर पूर्ण अर्धवर्तुळात उघडते. दिसायला लाजवाब, पण पोहायला? नऊवारीचा पदर सांभाळत विरार फास्टच्या दारात उभं राहून बघा, म्हणजे त्याचे हाल कळतील!

फायटर एकटाच नाही. गुरामी त्याच्याच मोठ्या कुटुंबातला, त्यालाही शांत पाणी लागतं. गोलमटोल ओरांडा गोल्डफिश मुळातच कच्चा पोहणारा. वर तो घाणही भरपूर करतो, म्हणजे त्याला फिल्टर मोठा हवा आणि ओढ मात्र कमी हवी. गप्पीची नुकती जन्मलेली पिल्लं तर थेट फिल्टरच्या तोंडात ओढली जातात.

ओळखायचं कसं?

यासाठी कुठलंही मशीन लागत नाही. पंधरा मिनिटं टीव्ही बंद करून टँकसमोर बसा.

खाण्याचे तीन-चार दाणे पाण्यावर टाका. ते जागच्या जागी तरंगत, हळूहळू सरकत असतील तर ठीक. टाकल्याबरोबर गिरकी घेऊन तळाला किंवा फिल्टरच्या तोंडात जात असतील, तर ओढ जास्त आहे. मग माशाकडे बघा. एकाच जागी राहण्यासाठी त्याला सतत शेपूट मारावी लागतेय का? पर अंगाशी मिटून घेतलेत का? शेपटीच्या कडा फाटल्यात का? हीटरमागे किंवा झाडाआड एकच ‘सेफ’ कोपरा त्याने पकडलाय का?

एक गोष्ट मात्र नीट बघा. काही मासे मुद्दाम धारेत शिरतात, वाहून जातात आणि परत येतात. मुलं घसरगुंडीवर करतात तसं. हा खेळ झाला. प्रश्न इतकाच, की खेळून दमल्यावर त्याला विसावायला जागा आहे का.

आणि हो, सुस्त माशाचं कारण दर वेळी ओढच असेल असं नाही. अमोनिया वाढला, पाणी गार पडलं, तरी मासा असाच बसतो. शेपटीच्या कडाही संसर्गाने झिजू शकतात. म्हणून आधी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. ते ठीक असेल, तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असेल आणि तरी फायटर लपत असेल, तर फिल्टरकडे वळा.

आजीचं फडकं

नळाला पांढरं फडकं बांधलेलं तुम्ही कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलं असेल. आजी ते गाळणी म्हणून बांधायची, पण त्याचा आणखी एक फायदा व्हायचा. एरवी बादलीत धाडधाड आदळणारी धार फडक्यातून मऊ उतरायची. पाणी तेवढंच, बादली भरायला वेळही जवळपास तेवढाच, फक्त शिंतोडे गायब. उलट बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, की तेच पाणी लांबवर उडतं. तोंड लहान तर धार जोरात, तोंड मोठं तर धार हळू. सगळे उपाय या एका फंड्यावर उभे आहेत. फक्त पाण्यात हात घालण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढा. करंट कमी करायला गेलो आणि करंट लागला, असं नको!

दिशा बदला. हा फुकटचा उपाय, म्हणून पहिला. आत बुडवायच्या फिल्टरचं तोंड बहुतेक वेळा फिरतं. ते टँकच्या मधोमध रोखण्याऐवजी मागच्या काचेकडे किंवा कोपऱ्याकडे वळवा. धार काचेवर आपटून फुटते आणि पसरते. फिल्टरला जोर कमी-जास्त करायचं बटण असेल तर तेही खाली आणा.

पाण्याची पातळी वाढवा. काठावर टांगायच्या फिल्टरमधून पाणी धबधब्यासारखं पडतं. पातळी दोन इंच खाली असेल तर ते जोरात आदळतं. पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत आणली की धबधब्याची घसरण होते. फायटर उडी मारतो, त्यामुळे झाकण हवंच. पण पाणी आणि झाकण यांच्यामध्ये श्वासापुरती हवा राहू द्या.

बाटली कापा. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचं तोंड आणि खालचं बूड कापून टाका. उरलेल्या नळकांड्याला एका बाजूने उभी चीर द्या आणि ती चीर टांगत्या फिल्टरच्या ओठावर सरकवून बसवा. आता पाणी सरळ खाली न पडता नळकांड्यात पडतं आणि दोन्ही टोकांनी मागच्या काचेलगत हळूच बाहेर येतं. कापलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर त्या शेपूट फाडतील. धुताना साबण अजिबात नको.

स्पंज लावा. हेच आजीचं फडकं. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारा जाड, मोठ्या छिद्रांचा स्पंज फिल्टरच्या बाहेर येणाऱ्या तोंडावर बसवला की धार मोडते. तसाच एक पाणी ओढून घेणाऱ्या जाळीवर बसवला की पिल्लं आणि लांब पर आत खेचले जात नाहीत. तो दर आठवड्याला पिळा, पण टँकमधून काढलेल्या पाण्यात. नळाच्या क्लोरीनने जीवाणू मरतात. न पिळता सोडलात तर स्पंज तुंबेल आणि पंप गरम होईल.

स्प्रे बार जोडा. म्हणजे भोकं पाडलेली नळी. एका तोंडातून येणारी धार पंधरा-वीस भोकांतून बाहेर पडते. पण भोकं फार बारीक असतील तर अंगठ्याचा नियम लागू होतो आणि पिचकाऱ्या उडतात. तेव्हा भोकं मोठी करा आणि नळी काचेकडे फिरवा.

झाडं आणि लाकूड. धारेच्या वाटेत लाकडाचा ओंडका, त्यावर बांधलेलं जावा फर्न किंवा ॲन्युबियास, मागे व्हॅलिसनेरियाची उंच पाती. प्रत्येक पान थोडं थोडं पाणी अडवतं. माशाला आडोसा मिळतो आणि टँक दिसतोही झकास.

एवढं करूनही जमलं नाही, तर फिल्टर बदला. फायटरच्या छोट्या टँकला माझं मत नेहमी एअर पंपवर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरला. स्वस्त, निवांत आणि जीवाणूंना भरपूर जागा. त्याचे बुडबुडे जास्त वाटले तर हवेची नळी चिमटीत दाबू नका, त्याने पंपाच्या आतल्या पडद्यावर ताण येतो. ‘टी’ जोड लावून जादा हवा बाहेर सोडा. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवत असाल तर नळीत एकेरी झडपही हवी, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात येऊ शकतं. मोठ्या टँकच्या कॅनिस्टर फिल्टरचा जोर कमी करायचा असेल, तर नेहमी बाहेर येणाऱ्या नळीचा कॉक थोडा बंद करा. आत जाणाऱ्या नळीचा नाही. तिथे कोंडलं तर पंप उपाशी राहतो.

‘रात्री बंद करतो ना!’

वाकडच्या एका टूबीएचकेमध्ये मला असाच एक फायटर भेटला होता. नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळी आठला घर बंद, रात्री आठला उघडणार. मासा दमतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्यांनी प्रेमाने तोडगा काढला होता : ‘‘आम्ही रात्री फिल्टर बंद करतो. त्याला झोप मिळते.’’ भावना शंभर टक्के खरी. पण टेस्ट किटमध्ये अमोनियाचा रंग हिरवा आला.

कारण सोपं आहे. जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. बंद पडलेल्या फिल्टरमधल्या पाण्यातला ऑक्सिजन ते काही तासांत संपवतात, मग त्यांची वस्ती मरायला लागते. सकाळी फिल्टर सुरू केला की ते शिळं पाणी टँकमध्ये येतं. म्हणजे माशाला झोप देता देता त्याच्या पाण्यात विष वाढत होतं. त्या रविवारी आम्ही अर्धं पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदललं, बाटली कापून बसवली, जाळीवर स्पंज चढवला आणि फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचं ठरवलं. पुढचे काही दिवस रोज टेस्ट आणि गरजेप्रमाणे पाणी बदलणं. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आला. एकूण खर्च म्हणाल तर दोघांच्या मिसळीइतकाही नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. ‘‘फायटरला फिल्टर चालत नाही, तो बाउलमध्येच राहतो,’’ असं सर्रास सांगितलं जातं. दुकानात तो इवल्याशा पिशवीत जिवंत दिसतो तो हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून. श्वास घेता आला म्हणजे अमोनिया पचतो असं नाही. तो बाउलमध्ये राहत नाही, तो बाउलमध्ये टिकाव धरतो. त्याला स्वच्छ पाणी हवं आणि शांत पाणीही हवं. दोन्ही एकदम देता येतं, आणि सगळी मजा त्यातच आहे.

सगळ्यांनाच निवांत नको

आता हे वाचून सरसकट सगळ्यांचे फिल्टर मंद करू नका! आपल्याच पश्चिम घाटातल्या ओढ्यांत राहणारा मलबार डॅनिओ धारेच्या तोंडाशी आनंदाने पोहतो. केरळ आणि कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांतला ‘मिस केरळ’, म्हणजे डेनिसन बार्ब, हाही ओढीचाच मासा. २०१३ साली त्याच्या प्रजातीला नावच दिलं गेलं ‘सह्याद्रिया’. तो पंधरा सेंटीमीटरपर्यंत वाढतो, कळपाने राहतो, त्यामुळे दीड फुटी टँकमध्ये त्याचं काम नाही. फायटर आणि असे मासे एकत्र ठेवले तर कुणा एकाची तरी रोज शिक्षा ठरलेली. आधी मासा ठरवा, मग फिल्टर.

शिवाय उन्हाळ्याचं भान ठेवा. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. मे महिन्यात आपल्या बंद फ्लॅटमध्ये ३० अंश म्हणजे काहीच नाही. त्यामुळे ओढ कमी केली तरी पाण्यावर हलकीशी लहर दिसलीच पाहिजे. पाणी अगदी तेलासारखं स्थिर झालं तर समजा, जरा जास्तच कमी केलंत.

जाता जाता

• टँकमधल्या पाण्याचे लिटर मोजा, फिल्टरचा आकडा त्याने भागा. उत्तर दहाच्या वर आलं तर धार मोडायची तयारी ठेवा.

• एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस माशाकडे बघा.

• फिल्टर रात्री बंद नाही. सुट्टीवर गेलात तरी नाही. तुमच्या भागात लाइट वारंवार जात असेल, तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

• आठवड्यातून एकदा स्पंज पिळा, तेही टँकच्याच पाण्यात.

• टँकमध्ये निदान एक जागा अशी ठेवा, जिथे पान हलत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण ट्रॅफिक, टार्गेट, ट्रेन सगळं झेलून घरी येतो, दार लावतो आणि सोफ्यावर अंग टाकतो. माशाला दार लावायची सोय नाही. त्याच्या घरातली ती एक निवांत जागा आपणच करून द्यायची असते. येत्या रविवारी चहाचा कप घेऊन टँकसमोर बसा आणि तीन दाणे टाकून बघा.